राशीवरून गेलेली जीप

काल येडशीच्या पंपावर पेट्रोलचा वास आला आणि साठेक वर्षांपूर्वीचं आमचं मळणीचं खळं डोळ्यांपुढं उभं राहिलं.

शेणानं सारवलेली जमीन आणि मधोमध ज्वारीची रास. राशीजवळ कुणी पायताण घालून जात नसे. वडिलांच्या वहाणाही बांधावर काढलेल्या होत्या. तेवढ्यात गावच्या देशमुखांचा मुलगा पाहुण्यांना जीपमधून शिवार दाखवत आला. पुढं वाट नव्हती, म्हणून त्यानं गप्पा मारत मारतच जीप खळ्यात घातली, राशीच्या कडेवरून फिरवली आणि माघारी वळवली. मागं बसलेल्या बाईंनी मला हसून हात केला. मी हरखून जीप दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले. पेट्रोलचा तो वास मला तेव्हा अत्तरासारखा वाटला होता. त्या बाईंचं हसू खरंच मायेचं होतं, आणि आज तेच जास्त सलतं.

वडील अनवाणीच खाली बसले आणि चाकांखाली मातीत रुतलेले दाणे वेचू लागले.

आईनं विचारलं, "तुमी बोलला का न्हाईत त्यांला?"

मान वर न करता वडील म्हणाले, "काय बोलू? त्यांनी खाली बघितलंच न्हाय."