सुनीलचे दाजी आणि धबधब्याचा फोटो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी डायबिटीस असून बाहेर जिलेबी खाल्ली तरी सांगून टाकतो.

म्हटलं तर विषय केवढासा – एका धबधब्याचा फोटो. चिडचिड होते ती त्यामुळेच. एवढ्याशा गोष्टीपायी माणूस किती खाली जाऊ शकतो?

सुनील माझ्याच कंपनीत, अंबरनाथला, शेजारच्या मशीनवर. त्याचं घर बारवी धरणाच्या पलीकडे एका पाड्यावर. पाड्याच्या वर जंगलात धबधबा आहे, आणि त्याच्या डोहात नळी टाकून ही दहा-पंधरा घरं पिण्याचं पाणी आणतात. धरण दारात असलं तरी त्याचं पाणी शहरांना. म्हणून परक्या माणसाला वर न्यायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. मी मात्र नवा कॅमेरा घेतला होता. महिनाभर सुनीलचं डोकं खाल्लं. शेवटी एका रविवारी त्याने मला बाइकवर मागे बसवलं. बदलापूरला वडापाव खाताना एवढंच म्हणाला, जागा कुणाला सांगू नको. मी म्हटलं, वेडा आहेस का?

फोटो सुरेख आला. खोटं कशाला बोलू – तसा दुसरा मला अजून काढता आलेला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, नुसता फोटो, जागेचं नाव नाही. अंगठे आले, फुलं आली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी लिहिलं की हा केरळचा फोटो आहे, नेटवरून उचललाय. त्याखाली हसरे चेहरे. झालं, माझं डोकं फिरलं. मी लोकेशन पाठवलं. वर लिहिलं, जाऊन बघून या.

लोक गेले की! पुढच्या रविवारी गाड्या, त्याच्या पुढच्या रविवारी स्पीकर. डोहात बाटल्या फुटल्या, कुणीतरी नळी उपटून फेकली. पाड्यावरच्या बायका भर पावसात खालच्या विहिरीवरून हंडे वाहू लागल्या. मी मेसेज पुसला, पण लोकेशन केव्हाच दहा ग्रुप फिरून आलं होतं.

इथपर्यंत ठीक – म्हणजे ठीक नाही, पण इथपर्यंत मी नुसता मूर्ख होतो. सांगायचं आहे ते पुढचं.

सोमवारी कॅन्टीनमध्ये सुनीलने विचारलं, "तू कुणाला बोललास का रे?"

काय अवघड होतं? हो म्हणायला एक अक्षर लागतं. मी म्हणालो, "मी कशाला बोलू? तुझे दाजी व्हिडिओ काढत असतात ना तिथे?"

दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, उल्हासनगरला जीन्स शिवण्याच्या कारखान्यात असतो. मी त्यांना दोनदाच भेटलो होतो. दुसऱ्या वेळी त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्यांचंच नाव तोंडी कसं आलं? आठवत नाही, असं लिहिणार होतो – पण आठवतं. ते बाहेरचे, शहरातले, नुसते जावई. त्यांच्यावर खपेल, हे मला तोंड उघडण्याआधीच कळलं होतं.

खपलं. पाड्याच्या बैठकीत दाजींनी शपथा घेतल्या, कुणी ऐकलं नाही. बहीण नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली. तीन वर्षं झाली, ती गौरीला माहेरी आलेली नाही. सुनीलची आई दरवर्षी तिच्या नावाची साडी गौरीपुढे ठेवते आणि विसर्जन झालं की घडी करून पेटीत टाकते.

हे मला कसं ठाऊक? मी दरवर्षी त्यांच्याकडे गणपतीला जातो म्हणून. पानावर बसतो, भाजी मागून घेतो. त्या पेटीकडे पाठ होईल असा बसतो – मला स्वतःचा किती राग येतो हे सांगून काय उपयोग?

यंदा जेवणं झाल्यावर सुनील मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "घरच्यांनी फसवलं यार. तू खरं बोललास म्हणून तरी समजलं."

मी मान हलवली. पुढच्या वर्षी लवकर येतो म्हणालो, आणि निघालो.