दसऱ्याला सहा वाजेपर्यंत

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की ती पुरुषांची होते. मिक्सर चालू असेपर्यंत माझा आणि बंद पडला की दिरांचा. लॅपटॉपचंही तसंच झालं. एरवी त्याला घरात माझ्याशिवाय फारसं कोणी हात लावत नसे. कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट घरात माझ्याचकडे होतं, टायपिंगच्या दोन परीक्षाही मी लग्नाआधी दिल्या होत्या. नवऱ्यानं ठाण्याच्या त्याच्या ऑफिसातून जुना, जाडजूड लॅपटॉप आणला, फोनवाल्यांनी वायफायचा डबा बसवून दिला, आणि आटगावात आमच्या आळीत बिनवायरीचं इंटरनेट पहिलं आमच्याकडे आलं. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. तेव्हा त्याचं केवढं कौतुक होतं! शेजारच्या बाया नुसता तो डबा बघायला यायच्या.

त्या वर्षी मला एक फॉर्म भरायचा होता. सरकारी जागा, कनिष्ठ सहायकाची. परीक्षा पास झाले तर नेमणूक जिल्ह्यात कुठंही, मोखाडा, जव्हार, जिथं टाकतील तिथं. फॉर्म फक्त इंटरनेटवर भरायचा आणि शेवटचा दिवस दसरा, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत. वयाच्या अटीत मी त्या वर्षी शेवटची बसत होते. पुढच्या वर्षी परीक्षा निघो न निघो, मला त्याचा उपयोग नव्हता. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं, एकदा नाही, चारदा.

मग शेवटच्या दिवसापर्यंत थांबलीस कशाला, असं कोणीही विचारेल. मी स्वतःला विचारलंच आहे. माझी मार्कशीट, शाळेचा दाखला, सगळं माहेरी होतं, टोकावड्याच्या पलीकडे. भावाचं हळवं, लवकर पिकणारं भात कापायला आलेलं. त्याला म्हणाले लवकर ये, तर तो म्हणाला, "ताय, भात काय तुझ्या फॉर्मासाठी थांबल व्हय?" आला तो खंडेनवमीला, शेवटच्या एसटीनं. कागद हातात पडले तेव्हा मला रडू आलं. म्हटलं चला, उद्या सकाळी सगळ्यांत आधी हेच काम.

पण दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे हत्यारांची पूजा. सासरे पहाटे उठून एकेक वस्तू ओल्या फडक्यानं पुसून पाटावर मांडत होते. विळे, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, दिरांचे पाने-पक्कड. आणि मधोमध लॅपटॉप. मी न्हाऊन बाहेर आले तेव्हा तो हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन बसलेला.

"बाबा, हा मला आज लागणार आहे हो," मी म्हटलं.

"विळा पण लागतो ना? तो बी बसलाय," ते म्हणाले. "ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा करायची. सूनबाय, तुझ्या हत्याराला पयला मान दिलाय."

आता यावर काय बोलणार? त्यांनी प्रेमानं केलं होतं, ते मी आजही मान्य करते. त्या घरात माझ्या शिक्षणाला हत्यार म्हणणारा तो एकटा माणूस होता. पण पूजेतलं हत्यार नैवेद्य झाल्याशिवाय उचलायचं नाही हा नियम, आणि नैवेद्याला पुरणपोळ्या, म्हणजे त्या करणारी मीच. पुरण वाटताना माझं लक्ष घड्याळावर. नैवेद्य, पंगत, उष्टी काढणं होऊन लॅपटॉप हातात आला तो दुपारी दोनला.

उघडला, सुरू केला, आणि कोपऱ्यात लाल फुली. एकही नेटवर्क सापडत नाही.

डब्याकडे बघितलं, त्याचे तिन्ही हिरवे दिवे लागलेले. म्हणजे डबा ठीक, लाइन ठीक. काय ते लॅपटॉपमध्येच. एवढं माझ्या लक्षात यायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पण तोवर दिरांनी हात धुतले होते. त्यांनी शहापूरला तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि तेव्हापासून आळीतले सगळे कॉम्प्युटर तेच बघायचे. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस. "वहिनी, सरका," म्हणाले आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. तो पुढचे साडेतीन तास मला परत मिळाला नाही.

आधी त्यांनी लॅपटॉप तीनदा बंद करून चालू केला. मग डबा बंद करून चालू केला. मग डबा खिडकीत ठेवला, मग कपाटावर, मग टीव्हीवर. "रेंज पकडत नाय," म्हणाले. सगळीकडे हिरवे दिवे तेच, आणि इकडे फुली तीच. मग फोनच्या लाइनमनला त्याच्या घरून बोलावून आणलं. नवरात्रात आठवडाभर आमची लाइन मेली होती, म्हणून सगळा संशय त्या बिचाऱ्यावर. तो माणूस जेवणावरून उठून आला. त्यानं फोन कानाला लावला, टोन ऐकली आणि म्हणाला, "लाइन ओके हाय. मशीन बघा." दीर म्हणाले, "फॉल्ट तुमच्या एक्स्चेंजलाच असणार." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

मी दारात उभी राहून बघत होते आणि मला एक गोष्ट दिसत होती. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला, बरोबर मधे, एक बारीक निळा दिवा असायचा. नेट चालू असलं की तो लागायचा. मी रोज बसत होते म्हणून मला माहीत. आज तिथं सासऱ्यांनी लावलेलं हळदकुंकवाचं ठसठशीत बोट होतं, वाळून पापुद्रा धरलेलं, आणि त्याच्या कडेनं निळं काही दिसत नव्हतं.

"भावजी, तो पुढचा दिवा बंद आहे बघा. तिथंच काहीतरी झालंय."

"तो चार्जिंगचा असतो, वहिनी."

"चार्जिंगचा बाजूला आहे. हा वेगळा."

"तुमाला काय कळतंय त्यातलं? जरा शांत बसू द्या."

बरं, म्हटलं, डब्याबरोबर एक पिवळी वायर आली होती, ती थेट लावली तर वायफाय लागतच नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ती वायर गणपतीत दिरांनीच मधून कापून मखर बांधायला वापरली होती. माळ्यावर थर्माकोलच्या कमानीला तिचे दोन तुकडे अजून लोंबत होते. कपाळावर हात मारून घ्यावा की त्यांच्या मारावा, मला कळेना.

तीन वाजून गेले. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, शहापूरला सायबर कॅफेत जाऊ. चला, गाडी काढा." तो सोफ्यावर पेपर घेऊन पडला होता. म्हणाला, "दसऱ्याला कोण उघडं ठेवतंय? तू कागद घेऊन फरफटत येऊ नको. मी बघून येतो, उघडा असला तर फोन करतो." चांगलं वाटलं मला. म्हटलं, निदान हा माणूस तरी उठला. तो गेला आणि सवाचारला आला. "सगळी शटरं खाली," म्हणाला आणि पाणी मागितलं.

मग मी सरळ पुढे होऊन लॅपटॉपवरचं ते कुंकू पुसायला बोट लावलं. सासूबाई पाठीमागून ओरडल्याच. "गो, सवाष्ण बाय ना तू? सणाच्या दिशी पूजंचं कुकू पुसतात होय? सोनं देऊन झाल्यावर पूस काय ते. नवरा समोर बसलाय तुझा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, नवरासुद्धा.

मी बोट मागे घेतलं. याचा राग मला अजून येतो, आणि तो सासूबाईंचा नाही, माझा स्वतःचा येतो. घरी शिकवण्या घेऊन आळीतल्या मुलांना विज्ञान शिकवणारी बाई मी, कुंकू पुसल्यानं कोणाचा नवरा मरत नाही हे मला काय माहीत नव्हतं? होतं. पण चार माणसांत त्यांनी नवऱ्याचं नाव काढलं आणि माझा हात आपोआप मागे आला. बाईला गप्प करायला एवढं पुरतं. दिरांनी पुन्हा लॅपटॉप मांडीवर घेतला. मी आत जाऊन भांडी घासत बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

साडेपाचला पुरुषमंडळी टोप्या घालून देवळाकडे सोनं लुटायला निघाली. सासूबाई शेजारी गेल्या. दीर जाताना लॅपटॉप सोफ्यावर टाकून म्हणाले, "विंडोजच उडालंय, उद्या फॉरमॅट मारतो."

दार लोटलं आणि मी पदराचं टोक ओलं करून ते कुंकू पुसलं. खाली नखाएवढं एक सरकतं बटण निघालं. इतके दिवस मी तो दिवाच बघत आले होते, त्याच्या शेजारी बटण आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. सकाळी सासऱ्यांनी फडक्यानं कड पुसली तेव्हा ते डावीकडे सरकलं असणार, आणि वरून लेप बसला. मी ते नखानं उजवीकडे ढकललं. निळा दिवा लागला. फुली गेली, रेघा आल्या. सगळं मिळून अर्धं मिनिट.

पाच चाळीस झाले होते. साइट उघडायलाच पाच मिनिटं गेली. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, जात, जन्मतारीख. दुसरं पान यायला पुन्हा तेवढाच वेळ. शाळा, मार्क, वर्ष. मी टायपिंगच्या परीक्षेत मारली नसतील तेवढ्या वेगानं बोटं मारत होते. तिसऱ्या पानावर फोटो चढवायचा होता. तो चढत असताना पान पांढरं झालं आणि परत आलं तेव्हा त्यावर एकच ओळ होती, अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे. भिंतीवरच्या घड्याळात सहाला एक मिनिट कमी होतं. त्यांचं घड्याळ पुढं असेल, किंवा आमचं मागं.

मंडळी परत आली तर वायफाय चालू. दिरांना कोण आनंद! "मी मघाशी सेटिंग बदलली होती, तिनं पकडलं बघा." आपट्याची पानं एकमेकांच्या हातावर ठेवत सगळे त्यांचं कौतुक करत होते. माझ्या फॉर्मचं काय झालं हे फक्त सासऱ्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. ते माझ्या हातावर पान ठेवून पुढे गेले. सकाळच्या त्या फडक्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांना ते सोसलं नसतं.

पुढे दोनच दिवसांनी मी शहापूरला गेले. वेडी आशा, दुसरं काय. मुदत वाढली का, उशिरा फॉर्म घेतात का, हे कॅफेवाल्याला माहीत असतं. बाजारपेठेतला तो एकच कॅफे फॉर्म भरून द्यायचा, सगळा तालुका त्याच्याकडे जायचा. त्यानं मशीनवर बघितलं आणि म्हणाला, "नाय हो ताई, मुदत नाय वाढवली. तुमी दसऱ्याला का नाय आलात? मी सकाळी पूजा केली आणि बसलो तो सहापर्यंत उठलोच नाय. लास्ट डेट म्हणून बाहेर रांग होती."

मी त्याला पुन्हा विचारलं, दुपारी तीन-चारच्या सुमाराला शटर खाली होतं का, जेवायला वगैरे गेला होतात का? तो हसायला लागला. "रांग टाकून जेवायला जातंय कोण?"

घरी कशी आले ते आठवत नाही. संध्याकाळी नवरा कामावरून आला, पास-पाकीट कोनाड्यात ठेवून हातपाय धुवायला निघाला. मी मोरीच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, "अहो, दसऱ्याला तुम्ही शहापूरला गेला होतात ना?"

तो तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, गेलो होतो, मला बंद दिसला. काहीही म्हणाला असता तर मी ते धरून चालले असते. खोटं बोलला असता तरी चाललं असतं. एवढा वेळ मी त्याला दिला होता.

"तुला मोखाड्याला टाकलं असतं," तो म्हणाला, "तर इथं आईचं कोणी केलं असतं?"

मी दारातून बाजूला झाले. त्यानं हातपाय धुतले, मी चहा टाकला. त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्याला माझ्या एकाही कामासाठी कुठं पाठवलेलं नाही. जायचं असेल तिथं मी स्वतः जाते.