फाट्यावर मंगलचा फ्लेक्स

भाजे गावची मंगल सकाळी सायकलवरून दूध घालते, माझ्याकडेही. सायकल कोमलची, म्हणजे तिच्या मुलीची, शाळेतून मिळालेली. सकाळी आई चालवते, मग तीच घेऊन लेक शाळेला जाते.

गेल्या वर्षी आमच्या रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा मारून सायकल मार्ग झाला. मार्ग फारच समंजस. सरळ रस्त्यावर, जिथं काही होत नाही, तिथं सोबत करतो. फाटा आला, गाड्या वळायला लागल्या, की रंग संपतो. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. शिवाय कोपऱ्यावर 'सायकल मार्ग झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा भिंतीएवढा फ्लेक्स. वळणारी गाडी सायकलवाल्याला दिसत नाही, सायकल गाडीवाल्याला दिसत नाही. अभिनंदन मात्र दोघांना दिसतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिथंच एका पर्यटकानं मंगलला उडवलं. तिचा डावा हात मोडला. गाडीवाल्यानं उतरून आधी स्वतःचा बंपर पाहिला.

आमच्या तरुण मंडळानं मात्र कर्तव्यात कसूर केली नाही. जुना फ्लेक्स उतरवून त्याच जागी त्याहून मोठा लावला: 'मंगलताई, लवकर बऱ्या व्हा!' मधे मंगलचा आधार कार्डावरचा घाबरलेला फोटो, खाली काळे चष्मे लावलेले अकरा शुभेच्छुक.

मी भेटायला गेले तर मंगल हाताचं बोलेचना. "मावशी, सोमवारी शाळा सुरू व्हतीय. कोमल त्याच फाट्यावरनं जानार. तिला गाडी दिसायची कशी?"

मंडळाचा अध्यक्ष संदीप. त्याला गाठून म्हटलं, "फ्लेक्स काढ."

"आजी, कसा काढू? ताईंचा अपमान व्हईल. कुनी हात लावला तर पोरं ऐकायची न्हाईत."

बाई जिवंत राहिली नाही तरी चालेल, तिचा मान राहिला पाहिजे. मी हे मंगलच्या कानावर घातलं.

रविवारी सकाळी एक हात गळ्यात, दुसऱ्यात विळा, अशी ती फाट्यावर हजर. स्टूल मी धरलं. दोन दोऱ्या तुटल्या तोच संदीप मोटरसायकल दामटत आला.

"अवं ताई, ह्यो अपमान हाय!"

"व्हय. माझाच हाय न्हवं? मीच केला. तुला काय तरास?"

संदीप गडबडला. "खाली आमचे फोटू बी हाईत..."

"मग तुमची तोंडं कापून घेऊन जा. बाकीचा गोठ्यावर टाकते."

पट्टा अजून फाट्याआधीच संपतो. त्यासाठी मी अर्ज दिलाय आणि उत्तराची अजिबात वाट बघत नाही. पण सोमवारी कोमलला सुसाट वळणारी गाडी लांबूनच दिसली. तिनं पाय टेकला, गाडी जाऊ दिली आणि पलीकडे गेली. मंगल माझ्या शेजारी उभी राहून गाडीवाल्याला शिव्या घालत होती. मी दोन शिकले.