बाई हसते ते गाणं

मुखरू पोंगेवाला सीताफळं वाटून मतं विकत घेऊन राह्यला, ही बातमी जांभूळटोल्यात नवरात्राच्या दुसऱ्या माळेला उगवली आणि तिसऱ्या माळेपर्यंत तिला फांद्या फुटल्या. निवडणूक ग्रामपंचायतीची नव्हती, सोसायटीचीही नव्हती. मतं होती गाण्याला. आता सत्तरीला टेकलेला माणूस एका गाण्यापायी डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार फिरतो, म्हणजे त्या गाण्यात कोणी बाई असणारच, असं पाण्याच्या टाकीजवळ ठरलं. बाई होतीच. गाणं सुरू होताना ती हसायची. मग ती बाई मुखरूच्या जुन्या ओळखीची निघाली, बल्लारपुरात रेल्वे फाटकाजवळ राहू लागली, आणि ते हसू तिनं खास मुखरूसाठीच कॅसेटमध्ये भरलं, इथवर मजल गेली. ज्यानं हे सांगितलं त्याला विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर त्यानं विचारणाऱ्याकडेच बोट दाखवलं.

यातलं सीताफळाचं तेवढं खरं. बाकी सारं उलटं. मुखरू त्या गाण्याला मत मागत नव्हता. देऊ नका म्हणून हात जोडत फिरत होता.

झालं असं की आमच्या दुर्गा मंडळाचा मोबाइलवरचा ग्रुप सांभाळते ती दिव्यानी मॅडम. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिला सगळ्यांची परीक्षा घ्यायची सवय. तिनं ग्रुपवर टाकलं: ऐंशी ते नव्वद या सालांतलं तुमचं सगळ्यात लाडकं पॉप गाणं कोणतं? ज्याला जास्त मतं, ते भंडाऱ्याच्या, म्हणजे देवीच्या गावजेवणाच्या, संध्याकाळी स्टेजवर वाजेल. पोरांना वाटलं, म्हातारे दोन दिवस बोलतील आणि गप होतील. पण म्हातारे पेटले. गाण्यांची खरी नावं कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणून जो जसा ओळखत होता तसं मॅडमनं लिहिलं. एक होतं 'शिट्टीचं'. एक 'चमकीच्या कोटातल्या पोराचं'. एक इंग्रजी, 'मधातच मांजर ओरडते ते'. आणि चौथं, 'बाई हसते ते'.

शिट्टीवाले आणि चमकीवाले चौथ्या माळेपर्यंत एकमेकांच्या दारावरून वेगळ्या वाटेनं जाऊ लागले. चंदन टेलरनं त्या काळी तसाच चमकीचा कोट स्वतःसाठी शिवला होता. तो अजून पेटीत आहे आणि अजून अंगाला बरोबर होतो, असं तो शपथेवर सांगत होता. घालून दाखव म्हटलं की त्याला शिलाईचं काम आठवायचं. इंग्रजीला मत देणारा एकच, बल्लारपुरात नोकरी करून आलेला. त्याला गाण्याचा अर्थ विचारला तर म्हणाला, "अर्थ समजला असता तर आवडलं असतं काय?"

आणि या सगळ्या गोंधळात मुखरूला घाम फुटला होता. का, ते समजायला त्याच्या पोंग्याची गोष्ट माहीत पाहिजे.

मुखरूकडे त्या काळी आसपासच्या गावांतला एकुलता एक पोंगा, म्हणजे कर्ण्याचा लाउडस्पीकर, होता. लग्न असो, बारसं असो, दंडारीचा खेळ असो, मुखरू सायकलला पोंगा बांधून, कॅसेटचं मशीन कॅरिअरवर टाकून हजर. गरमीच्या दिवसांत एकाच दिवशी तीन तीन लग्नं. लग्नघरी सगळ्यात कठीण काम कोणतं, तर पंगत बसवणं. अर्धे लोक आंब्याखाली, अर्धे तळ्याच्या पाळीवर, काही कोणाच्या ओसरीत घोरत. दोन माणसं गावभर बोंबलत फिरायची, "चला हो जेवाले, चला." एकदा कुठल्याशा लग्नात पत्रावळ्या पडायला आणि मुखरूच्या मशीनवर ते गाणं लागायला एकच गाठ पडली. आधी ढोलकीसारखे तीन ठोके, मग बाईचं खळखळून हसणं, मग गिटार. लोक आले. मुखरूनं हे हेरलं आणि पुढच्या लग्नापासून पंगतीलाच ते गाणं लावायचा नेम केला. एरवी वाजवत नसे. दोन हंगामांत अशी गत झाली की तीन ठोके पडले की माणूस हातातली बिडी विझवून उठायचा. पोरं गोट्या सोडून पळायची. माणसांचं सोडा, कुत्रीसुद्धा मांडवामागं जाऊन रांगेत बसायची. आज पन्नाशीच्या पुढं असलेल्या कोणालाही ते गाणं ऐकवा. तो तारीफ करणार नाही, आवंढा गिळेल.

घोळ झाला तो आमच्याच गावच्या गुणवंतरावांच्या लग्नात. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. लग्न वरोऱ्याला, मुहूर्त गोरज. वरात ट्रकनं गेली, ट्रकच्या टपावर मुखरूचा पोंगा. मांडवात आंदणावरून काही कुरबुर झाली म्हणतात. काय झाली ते आमच्यापर्यंत धड आलं नाही. गुणवंतरावांचे वडील भैयाजी, त्यांनी येऊ दिलं नाही. आलं ते एवढंच, की लग्न लागायच्या आधीच मुखरूच्या मशीनवर तीन ठोके पडले, बाई हसली, आणि जांभूळटोल्याची अख्खी वरात मांडवाच्या बाजूला मांडी घालून बसली. मुलीकडच्यांना या गाण्याचं काही ठाऊक नाही. पण बसलेल्या पाहुण्याला उठवायचं कसं? पडल्या पत्रावळ्या, आला भात. नवरदेव बाशिंग बांधून उभा, आणि वऱ्हाडी बुंदीचा दुसरा वाढा मागताहेत. अक्षता पडल्या त्या उष्ट्या हातांनी. पुढं कित्येक वर्षं गुणवंतरावांना बघून लोक विचारायचे, "काऊन गा, जेवून राह्यले का अजून वऱ्हाडी?"

भैयाजींनी तिथंच मुखरूला भर मांडवातून हाकललं. ट्रकवरही घेतलं नाही. "याचा पोंगा माझ्या दारात वाजन नाई अन् या गावच्या देवीसमोर वाजन नाई," असं बोलले. भैयाजी मंडळाचे अध्यक्ष, आणि चांगलं नव्वदीपार जगले. तेवढी वर्षं जांभूळटोल्याच्या देवीला बाहेरगावचा साउंड आला आणि मुखरूचा पोंगा सगळ्या पंचक्रोशीत वाजला, फक्त आपल्या गावात मुका. गुणवंतराव रस्त्यात भेटले की मान खाली घालून पुढं निघायचे. मुखरू घरी येऊन बायकोला, कमळाबाईला सांगायचा, "राग अजून गेला नाई त्याचा."

गेल्या हिवाळ्यात भैयाजी गेले. गुणवंतराव अध्यक्ष झाले. आणि यंदा पहिल्यांदा मंडळानं साउंडचं काम दिलं विक्कीला. विक्की म्हणजे मुखरूचा मुलगा. पोंगा अडगळीत टाकून त्यानं मोठमोठे बॉक्स घेतले आहेत. गावचं काम मिळालं की आजूबाजूची कामं मिळतात, हे त्याला ठाऊक आणि मुखरूला त्याहून जास्त. आता नेमकं तेच गाणं, त्याच गुणवंतरावांपुढं, मुखरूच्याच पोराच्या बॉक्सवर वाजलं, तर जुनी राख उकरली जाणार. काम जाईल, पोराचं नाव जाईल.

म्हणून सीताफळं. जंगलालगतच्या बांधावरची चार झाडं त्यानं रिकामी केली. दारात जायचं, दोन फळं ठेवायची आणि हळूच म्हणायचं, "ते बाई हसते ते गाणं आहे ना, त्याले मत नका देऊ बाप्पा."

"कोणतं गा?"

"तेच. पंगतीचं."

"अरे हाव! ते तं मी भुललोच होतो."

अशा रीतीनं जी मंडळी ते गाणं साफ विसरली होती, त्यांना मुखरूनं घरोघर जाऊन आठवण करून दिली. वर तोंड गोड केलं. कमळाबाईनं कपाळावर हात मारला. "अवो, प्रचार करून राह्यले का पाडून राह्यले? चूप घरी बसले असते तं शिट्टीचं आलं असतं."

"मंग काय करू?"

"उरलेली सीताफळं मले द्या. रबडी करतो. फळं तरी फुकट जाणार नाई."

विक्की रोज संध्याकाळी मोबाइल दाखवायचा. कोणी कोणाला मत दिलं ते नावासकट दिसायचं. सातव्या माळेला त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "बाबा, हे पाहा. गुणवंत काकानं कोणाले मत देल्लं."

बाई हसते ते.

मुखरू ओसरीच्या खांबाला टेकला. "झालं. स्टेजवर बोलावते आता, अन् मांडवासारखं हाकलते."

"काऊन हाकलन जी?"

"तू तवा नव्हता. तुले काय माहीत." त्या रात्री मुखरू जेवला नाही. ज्या माणसानं सगळ्या मुलखाला जेवायला बसवलं, त्याची ही तऱ्हा.

भंडाऱ्याचा दिवस उजाडला. गाणं जिंकलं होतंच. चमकीवाले म्हणाले, सीताफळांचा घोटाळा आहे, फेरमतदान घ्या. दिव्यानी मॅडम म्हणाली, पुढच्या सालचा विषय नव्वदीचा घेऊ, तेव्हा काढा काय वैर काढायचं ते. दिवेलागणीला स्टेजसमोर खुर्च्या भरल्या. कार्यक्रम असा होता: आधी जिंकलेलं गाणं, मग अध्यक्षांचं भाषण, मग आरती, मग जेवण. मुखरू जनरेटरच्या मागं जाऊन बसला होता. मला आवाज बघायचा आहे म्हणाला. जनरेटरमागून कोणता आवाज दिसतो, ते त्यालाच ठाऊक.

विक्कीनं बटण दाबलं. तीन ठोके पडले. बॉक्स मोठे, ठोके छातीत लागले. मग बाई हसली.

पन्नाशीच्या पुढची यच्चयावत माणसं खुर्च्यांवरून उठली. कोणी कोणाला सांगितलं नाही. गुडघे दुखतात म्हणून देवळातही खुर्ची मागणारे कडेच्या सतरंजीवर मांडी घालून रांगेत बसले. चंदन टेलर तर सगळ्यात आधी. गाणं संपायच्या आत दोन पंगती सरळ लागल्या, आणि तेव्हा कुठं एकेकाच्या ध्यानात आलं की अजून भाषण व्हायचं आहे, आरती व्हायची आहे. उठायला मात्र कोणी तयार नव्हतं. तरुण पोरं पोट धरून हसत होती. वाढणारे ताटकळले, इकडं बघावं की तिकडं.

गुणवंतराव माइक हातात घेऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे. "मुखरू कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

कमळाबाईनं जनरेटरमागून नवऱ्याला दंडाला धरून काढलं. "चला जी. जे व्हाचं ते होऊन जाऊ द्या."

मुखरू खाली मान घालून स्टेजपाशी आला. गुणवंतरावांनी तोंड उघडलं, पण भैयाजींच्या हाताखाली साठ वर्षं काढलेल्या माणसाला चारचौघांत बोलायची सवय कुठून असणार? तेव्हा त्यांच्या बायकोनं, ज्योत्स्नाबाईनं, त्यांच्या हातून माइक काढून घेतला.

"मत यायचं नोहे, माझं होतं," नवऱ्याकडं बोट करून त्या म्हणाल्या. "यायचा मोबाइल मीच चालवतो. आता मामंजी नाईत, म्हणून सांगतो. त्या दिवशी आंदणात दोन कॅसेटचा टेप ठरला होता अन् माझ्या बाबानं एकाच कॅसेटचा आणला होता. तेवढ्यावरून मामंजीनं वरात परत न्याले काढली. मुखरूभाऊले हुकूम केला, पोंगा उतरव, ट्रकवर चढव. माझे बाबा पायावर टोपी ठेवून उभे होते. अन् मी आत हयद अंगाला लावून बसली होती. मंग ते बाई हसली. तुम्ही सारे बसले जेवाले. पोरीच्या बापाचं अन्न एकदा पोटात गेल्यावर वरात कोण परत नेते? मामंजीच्या हातून गोष्ट गेली. मी या गावात आली ते या गाण्यानं आली."

गुणवंतरावांना आता वाचा फुटली. "तू समोर आला की मले लाज वाटे गा, मुखरू," ते म्हणाले. "आमच्यापायी तुले हाकललं, अन् मी बाशिंग बांधून चूप उभा राह्यलो. तुयाकडे पाहू कसा?" मग विक्कीकडं वळून म्हणाले, "पुढच्या सालीही बॉक्स तुयेच. अन् तो एका कॅसेटचा टेप घरी अजून चालते. पाहाले ये."

मुखरूच्या छातीवरची धोंड उतरली ती सगळ्यांना दिसली. त्यानं तोंडावरून दुपट्टा फिरवला आणि कमळाबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "आता तरी जेवसान का?"

आरती उरकून घेतली, भाषण कोणी मागितलं नाही. ज्योत्स्नाबाईनं मुखरूला पहिल्या पंगतीत पहिल्या पत्रावळीवर बसवलं आणि भाताचं टोपलं घेऊन स्वतः वाढायला आल्या. वाढता वाढता थांबल्या. "भाऊ, आता खरं सांगा. तुम्ही ते गाणं त्या दिवशी मुद्दाम लावलं होतं ना? माझ्यासाठी?"

पंगतीतले घास हातातच राहिले. सगळे मुखरूच्या तोंडाकडं बघू लागले.

मुखरू म्हणाला, "मुद्दाम कायचं बाई, मले भूक लागली होती. अन् त्या दिवशी साऱ्यायले जेवण भेटलं, एका मलेच नाई भेटलं. आता बोलत काऊन उभ्या राह्यल्या, भात वाढा."