भावाची चौकशी

शहराच्या कडेकडेने काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या वर्षांत मी एका महाविद्यालयात बालमानसशास्त्र शिकवत होते. बालगृहांच्या तपासणी समितीवर बाहेरचं कोणीतरी असावं, म्हणून मला घेतलं होतं. बाहेरचं म्हणजे, ज्याचा पगार त्या खात्यातून निघत नाही असं. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. सज्जन, पण कायम घाईत.

विश्रांतवाडीकडच्या मुलींच्या बालगृहात आम्ही गेलो, तेव्हा फरशी नुकतीच पुसलेली होती. एका कंपनीने दिलेले संगणक प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेले होते. अध्यक्ष अधीक्षिकाबाईंबरोबर कोठीघर पाहायला गेले आणि मी व्हरांड्यात मुलींशी बोलत बसले. जेवण छान असतं, ताई छान आहेत, असं सगळ्या पाठ केल्यासारखं सांगत होत्या. दहाएक वर्षांची एक मुलगी मात्र गप्प होती. बाकीच्या गेल्यावर ती जवळ आली.

"मॅडम, तुम्ही बाहेरच्या ना?"

"हो."

"मग लहान मुलांच्या संस्थेतपण जाता?"

तिथे तिचा भाऊ होता. आई वारल्यावर मामाने दोघांना आणून सोडलं आणि तो पुन्हा फिरकला नाही. भाऊ जेमतेम तीन वर्षांचा, म्हणून त्याला शिशुगृहात ठेवलं आणि हिला इथे. सुरुवातीला एकदा भेट झाली होती. नंतर कोणी नेलंच नाही.

"त्याचा कान वाहतो," ती म्हणाली. "तेल घालायचं नाही, असं डॉक्टर म्हणालेत. तेवढं तिथल्या ताईंना सांगाल?"

मी सांगते म्हणाले आणि त्याच आठवड्यात शिशुगृहात गेले. तिथल्या बाईंनी चहा मागवला आणि अगदी आनंदाने सांगितलं, "त्याचं छान झालं हो. दत्तक गेला. नवे आईवडील दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्याला घेऊन परदेशी गेलेसुद्धा."

"त्याला बहीण आहे."

बाईंचा चेहरा उतरला. त्या नव्या होत्या. आधीच्या बाई निवृत्त झाल्या होत्या, मामाचा पत्ता लागला नव्हता आणि मूल एकटं आहे असंच सगळे धरून चालले होते. कोणी काही लपवलं नव्हतं. दोन्ही संस्था वेगळ्या, त्यांच्या तपासण्याही वेगळ्या, आणि दोन्हीकडचे शेरे उत्तम होते.

समितीच्या बैठकीत मी हे मांडलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, आपण त्रुटी नोंदवायच्या. सोडवणं आपल्या हातात नाही."

"मग तिला कोण सांगणार?"

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. बैठकीला मुलींच्या बालगृहाच्या अधीक्षिकाबाईंनाही बोलावलं होतं; ती संपल्यावर त्या माझ्यामागे जिन्यापर्यंत आल्या. "तुम्हीच सांगा ना," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही सांगून जाल. आम्हाला तिच्याबरोबर राहायचंय. आमच्यावर तिचा विश्वास राहायला हवा." मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी तिला त्याच व्हरांड्यात सांगितलं. त्याला आईबाबा मिळालेत, ते चांगले आहेत, लांब राहतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांना कानाचं माहीत आहे?"

मला ठाऊक नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. तिने मान डोलावली आणि ती आत गेली. रडण्याचा आवाज आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी कसब्यातल्या आमच्या घरी माझी मुलं टीव्हीच्या रिमोटवरून भांडत होती. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी नुसती ऐकत बसले.

मुलाला बहीण आहे आणि ती त्याची चौकशी करते, असं दत्तक देणाऱ्या संस्थेमार्फत मी त्या दांपत्याला कळवायला लावलं. मुलगा आता रुळला आहे, सध्या भेट नको, असं त्यांचं उत्तर आलं. समितीने मात्र माझी शिफारस मान्य केली: मूल दत्तक देण्याआधी त्याची भावंडं इतर संस्थांत आहेत का, याची चौकशी व्हावी. पुढे काही भावंडं त्यामुळे एकत्र राहिली. ते तिला सांगायला जाण्याचा धीर मला झाला नाही.

पुष्कळ वर्षांनी बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात काउंटरमागच्या तरुणीने माझा फोन हातात घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही समितीतल्या मॅडम."

मी तिला ओळखलंच नव्हतं. बालगृहातून बाहेर पडल्यावर ती हेच काम शिकली होती आणि मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. फोन उघडताना ती आपणहूनच बोलू लागली.

"खोली बदलली की मी त्या दत्तकवाल्या ऑफिसात जाऊन नवीन पत्ता देऊन येते. मोठा झाला की विचारायला येईल ना कधीतरी. तिथले साहेब म्हणतात, त्याला तू आठवतही नसशील."

"मग तू काय म्हणतेस?"

"काही नाही. पत्ता लिहून घ्या, म्हणते."