दरीच्या कडेची बाईसाहेब

आखातातल्या अल ऐनच्या उंटांच्या बाजारात जनावरांच्या घामाचा वास आला आणि मी नातवाचा हात गच्च धरला.

"आजी, आर यू स्केअर्ड?"

त्या वासानं मला नेपाळातल्या घांद्रुकला, गुरुंगांच्या डोंगरगावात नेलं होतं. तेव्हा माझं नवीन लग्न झालेलं, अंगात शहाणपणा मावत नव्हता. दगडी पायऱ्यांवरून ओझ्याची खेचरं आली, तर बाईसाहेब अदबीनं वाट देत दरीच्या कडेला उभ्या! पहिल्याच खेचरावरचा सिलिंडर खांद्याला लागला आणि माझी टाच हवेत गेली. खाली नदी दोऱ्याएवढी दिसत होती.

एका गुरुंग आजीनं वेणी धरून मला डोंगराच्या अंगाला खेचलं.

"बाल छोडो!" मी उलट तिच्यावरच डाफरले.

"पहले किनारा छोड!"

शेवटचं खेचर जाईपर्यंत तिनं वेणी सोडली नाही. आज तिच्या वयाची झाल्यावर कळतं, माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती.