उशिरा वाजणारी घंटा

शेजारचे ख्रिस्ती गृहस्थ मिशनच्या चर्चची घंटा वाजवत. भारी तापट. माझ्या कोंबड्यांनी त्यांचा वाफा उकरला, तेव्हा मला वाटेल ते बोलले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, धुतलेला सदरा घालून आमच्या ओटीवर येऊन बसले.

"वहिनी, काल माझं तोंड सुटलं. माफ करा."

"अहो, तिकडे लोक खोळंबलेत. घंटा वाजवा आधी!"

"आमच्या शास्त्रात आधी समेट, मग प्रार्थना."

मी मुद्दामच तांदूळ निवडत राहिले. ते हलले नाहीत. शेवटी मला हसू फुटलं, तसे धावत सुटले.

पुढे घंटेला उशीर झाला, की आळी विचारी, "आज कुणाच्या ओटीवर?"

त्यांचे उपकारच म्हणायचे. जावेशी अबोला असला, की देवापुढे दिवा लावायला माझा हात पुढे होत नाही. आधी तिला हाक मारते.